पद्मिनीच्या स्टीलच्या पट्ट्यांवरचे ओरखडे घरी काढता येतील का?

मुळाकाठ

नमस्कार मंडळी. बाबांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे, कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली. मागची आठ वर्षं कव्हरखाली होती, यंदा मनावर घेतलं आणि इंजिन, ब्रेक, वायरिंग सगळं करून शेवटी रंगाला दिली. रंग सुंदर झाला पण रंगवाल्या पोरांनी बाजूच्या पट्ट्या न काढताच बॉडी घासली, मास्किंग टेप कुठंतरी लावलेली कुठंतरी सुटलेली, त्यामुळं पट्ट्यांवर उभे आडवे ओरखडे पडलेत, काही ठिकाणी नखाला लागतात इतके खोल. शिवाय पुढच्या काचेच्या रबरातली जी चकचकीत पट्टी असते तिच्यावर दोन पोचे आहेत, ते जुने.

नवीन पट्ट्या शोधल्या, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला दोन चकरा झाल्या, मिळाल्या त्या पातळ आणि वळणाला बसेनात. बाबांचं म्हणणं आहेत त्याच ठेवायच्या. ब्रासोने तासभर घासलं, चमक आली पण ओरखडे आता आणखीच स्पष्ट दिसायला लागलेत. पॉलिश पेपर कुठल्या नंबरचा घ्यायचा, बफिंग (फिरत्या कापडी चाकावर घासून चमक आणणं) घरी होतं का, की कुणाकडं द्यावं? खर्चापेक्षा मला पट्ट्या वाचवायच्या आहेत.

घाटवाट

ब्रासोऐवजी लोखंडी घासणी घ्या, अगदी बारीक, आणि थोडं तेल लावून घासा. माझ्या स्कूटरच्या क्रोमचा गंज असाच गेला होता.

भाईंदरकर

घाटवाट, राग मानू नका पण स्टेनलेसवर साध्या लोखंडाची घासणी अजिबात नको. तिचे बारीक कण पृष्ठभागात रुतून बसतात आणि पावसाळ्यात तेच गंजतात, मग माणूस म्हणतो स्टेनलेसला गंज आला, खरं तर तो घासणीचा गंज असतो. क्रोमवर तेल लावून चालते ती गोष्ट वेगळी.

मुळाकाठ दादा, मी बावीस वर्षं भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या बफिंगमध्ये आहे, गाड्यांच्या पट्ट्याही अधूनमधून येतात. आधी एक काम करा, पेपर हातात घ्यायच्या आधी प्रत्येक पट्टी कशाची आहे ते ओळखा. चाळीस वर्षं जुन्या गाडीवर कुणी कधी काय बदललंय सांगता येत नाही, एकाच बाजूला तीन पट्ट्या तीन धातूंच्या निघाल्यात माझ्याकडं.

लोहचुंबक लावून बघा, पण नुसत्या त्याच्यावर जाऊ नका. लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की चुंबक चिकटला तर स्टेनलेस नाही. भांड्याच्या ३०४ जातीच्या स्टेनलेसला चिकटत नाही हे बरोबर, पण गाडीच्या पट्ट्या बऱ्याचदा ४३० जातीच्या असतात, त्यात निकेल जवळजवळ नसतंच आणि तिला चुंबक छान चिकटतो. म्हणजे चिकटला तर ४३० स्टेनलेस किंवा क्रोम चढवलेलं साधं लोखंड, नाही चिकटला तर ३०४ किंवा अॅल्युमिनियम किंवा पितळेवर क्रोम. पुढचं डोळ्यानं ओळखायचं. क्रोमला निळसर झाक असते, स्टेनलेस थोडं पिवळट उबदार दिसतं. मागची बाजू बघा, क्रोमच्या लोखंडी पट्टीला मागून गंज असतो किंवा प्लेटिंग अर्धवट चढलेलं असतं, स्टेनलेस मागूनही तसंच करडं स्वच्छ. अॅल्युमिनियम हातात घेतलं की वजनावरून कळतं. शंका राहिली तर मागच्या बाजूला कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचा एक थेंब टाका, अॅल्युमिनियम असेल तर बुडबुडे येतील, वर अॅनोडायझिंग (विजेनं चढवलेला ऑक्साइडचा कडक थर) असेल तर थोडा वेळ थांबावं लागतं. स्टेनलेसला काही होत नाही. हातमोजे आणि चष्मा घालूनच, डोळ्यात गेलं तर डोळा जातो, आणि लगेच भरपूर पाण्यानं धुवा.

क्रोम निघालं तर पेपर लावूच नका, वरचा क्रोमचा थर एक मायक्रॉनपेक्षाही कमी असतो, दोन हात मारले की खालचं निकेल पिवळं दिसायला लागतं आणि मग परत प्लेटिंगच. स्टेनलेस मात्र आरपार एकच धातू आहे, म्हणून त्यातला ओरखडा खरोखर काढता येतो. काय निघतंय ते कळवा, मग पुढचं सांगतो.

मुळाकाठ

इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. पट्ट्या काढल्या. दारांच्या क्लिपा आतून नटवर होत्या, फेंडरच्या नुसत्या दाबून बसवलेल्या, प्लॅस्टिकच्या पट्टीनं हळू उचकटल्या. प्रत्येक पट्टीमागं मार्करनं जागा आणि दिशा लिहून ठेवली.

निकाल असा: काचेची पट्टी आणि दोन्ही फेंडरच्या पट्ट्या, चुंबक चिकटतो, मागून स्वच्छ, गंजाचा ठिपका नाही. चारही दारांच्या पट्ट्यांना चिकटत नाही, हलक्या आहेत, सोड्याचा थेंब टाकला तर मिनिटभरानं बुडबुडे. म्हणजे दारांच्या अॅल्युमिनियमच्या! मी सगळं एकाच पेपरनं घासायला निघालो होतो.

भाईंदरकर

बरं झालं थांबलात. अॅल्युमिनियमच्या बाजूला ठेवा, त्यांचं शेवटी बोलू. आता स्टेनलेसच्या तीन.

आधी पोचे, घासणं नंतर. पोचा असलेली पट्टी घासली तर आजूबाजूचा उंच भाग पातळ होतो आणि पोचा तसाच राहतो. पट्टीची जाडी व्हर्नियरनं मोजा, साधारण अर्धा मिलिमीटर असेल, म्हणजे चुकायला जागा फार नाही. सागवानाच्या किंवा शिसवीच्या ठोकळ्यात पट्टीच्या बाहेरच्या गोलाईसारखी खाच करा, पट्टी त्यात पालथी ठेवा आणि मागून गुळगुळीत गोल टोकाच्या पंचनं हलक्या हातानं टिपत जा. पोच्याच्या कडेपासून सुरू करून मध्याकडं यायचं. लोक मध्यावरच जोरात एक घाव घालतात, त्यानं पत्रा ताणला जातो आणि पोच्याच्या जागी पोट येतं, ते परत बसवणं पोच्यापेक्षा अवघड.

पोचा उठला की नाही हे डोळ्याला कळत नाही. वरून तो भाग मार्करनं पूर्ण काळा करा आणि बारीक कानस अगदी अलगद फिरवा. जिथं काळं राहिलं तिथं अजून खोल आहे, मागून अजून टिपा. जिथं आधी चमकलं तिथं उंच आहे. परत काळं करा, परत बघा. एका पोच्याला मला तास लागतो, तुम्हाला पहिल्यांदा दोन लागतील, लागू द्या.

मग पेपर. सगळ्यात मोठी चूक म्हणजे गरजेपेक्षा जाड पेपरनं सुरुवात. जो ओरखडा आहे तो जेमतेम निघेल इतक्याच नंबरवर सुरू करायचं. नखाला लागणारा असेल तर ३२०, नाहीतर ४०० किंवा ६०० पुरतो. काळा वॉटर पेपर घ्या, पाण्यात एक थेंब भांड्याचा साबण, आणि पेपरमागं बोट नको, रबराचा किंवा कडक फोमचा तुकडा पट्टीच्या गोलाईला साजेसा कापून घ्या. बोटानं घासलं की बोटाच्या रुंदीचे चर पडतात, ते पॉलिश केल्यावर ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबात लाटेसारखे दिसतात. फक्त ओरखड्यापुरतं घासत बसू नका, तिथं खड्डा होईल, दोन्ही बाजूंना वीतभर तरी पसरवत न्या.

३२० चे घासे सगळे एका दिशेनं. मग ४०० थोडं तिरकं, म्हणजे ३२० च्या रेघा आडव्या दिसत राहतात, त्या एकूण एक गेल्याशिवाय ६०० हातात घ्यायचा नाही. मग ६०० परत उलट तिरकं. असं ८००, १०००, १५००, वाटलं तर २०००. पी खुणेच्या ४०० च्या पेपरचे कण साधारण ३५ मायक्रॉनचे, ८०० चे २२ च्या आसपास, २००० चे १० च्या. मधला एक नंबर गाळला की त्याची सगळी मजुरी पुढच्या बारीक पेपरवर पडते आणि तो बिचारा तितकं कापूच शकत नाही. बदलताना पट्टी, हात आणि पाणी तिन्ही बदला, जाड पेपरचा एक कण मागं राहिला तर १५०० वर लांबलचक नवी रेघ मारतो. हे माझ्याकडच्या नव्या पोरांना समजायला सहा महिने लागतात.

बफिंगचं पुढच्या प्रतिसादात, आत्ता दुकान उघडायचंय.

गोदाकाठ

मध्येच विचारते. माझी २०१८ ची हॅचबॅक आहे, खिडक्यांच्या खालून जाणारी चकचकीत पट्टी आहे तिला पार्किंगमध्ये कुणीतरी खरवडलंय. हीच पद्धत चालेल का?

भाईंदरकर

ताई, आधी नखानं टिचकी मारून आवाज ऐका आणि चुंबक लावा. आताच्या बऱ्याच गाड्यांवर प्लॅस्टिकवर क्रोम चढवलेलं असतं, तिथं पेपर म्हणजे पट्टी गेली. तसं असेल तर पट्टी नवीन मागवणंच बरं, तुमच्या गाडीची मिळेल. स्टीलचा पत्रा असेल तर चालेल, पण गाडीवरच काम करताना आजूबाजूच्या रंगावर मास्किंग टेपचे तीन थर द्या आणि १००० च्या खाली जाऊ नका.

मालवणकिनारा

आमच्याकडं समुद्राच्या वाऱ्यावर स्टेनलेसच्या पट्टीवर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग येतात, गंज खोल नसतो पण दिसायला वाईट. माझ्या वडिलांच्या अॅम्बॅसेडरवर दरवर्षी यायचे. एका गॅरेजवाल्यानं टॉयलेटचं अॅसिड लावून पुसलं, त्या दिवशी चकाचक झालं आणि महिन्याभरात बारीक बारीक टोचे पडले. हे का होतं?

लेथवरचा

मी टूलरूममध्ये होतो, हे सांगू शकतो. स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, त्याचा ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर हवेत आपोआप तयार होतो आणि तोच धातूला वाचवतो. क्लोराइड हा त्या थराचा शत्रू, समुद्राच्या वाऱ्यात तो असतोच आणि टॉयलेटच्या अॅसिडमध्ये म्हणजे हायड्रोक्लोरिकमध्ये तर तोच भरलेला. थर एका बिंदूवर फुटला की तिथं खोल टोचा जातो. ब्लीचिंगचंही तेच. म्हणून जहाजांच्या कामाला ३१६ वापरतात, त्यात दोन टक्क्यांच्या वर मॉलिब्डेनम असतं, ४३० ला तो आधार नाही.

अजून एक, पृष्ठभाग जितका खरखरीत तितकं मीठ जास्त धरून बसतं. म्हणजे आरशासारखं पॉलिश फक्त दिसण्यासाठी नाही, किनाऱ्यावर ते पट्टीचं आयुष्य वाढवतं. महिन्यातनं दोनदा गोड्या पाण्यानं धुवा, आणि चहाचे डाग निघाले नाहीत तर लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून लावा, दहा मिनिटांनी धुवा, कोरडं पुसा.

मालवणकिनारा

आभारी आहे. वडील नाहीत आता, पण गाडी आहे, तिला हे करून बघतो.

ओकफॉल_मिशिगन

इथं डेट्रॉइटजवळ राहतो, वाचून राहवलं नाही. १९३६ च्या फोर्डच्या सहा गाड्या अख्ख्या स्टेनलेसच्या बॉडीच्या केल्या होत्या, अलेघनी स्टील (नंतरची अलेघनी लडलम) या पोलाद कंपनीनं फोर्डबरोबर, आणि त्यातल्या काही अजून आहेत. नंतर १९६० ची थंडरबर्ड आणि १९६७ ची लिंकन कॉन्टिनेंटलही केली. रंगाचं कुणी विचारतच नाही त्या गाड्यांना.

दुसरं उदाहरण डेलोरियनचं, १९८१ पासून उत्तर आयर्लंडमध्ये झाली, तिची बॉडी ३०४ ची पण आरसा नाही, ब्रश फिनिश, म्हणजे सगळ्या रेघा एका दिशेनं. तिच्यावरचा ओरखडा काढायला लोक स्कॉच ब्राइटसारखी नायलॉनची घासणी रेघांच्याच दिशेनं सरळ ओढतात, गोल फिरवलं की डाग पडल्यासारखं दिसतं. कुणाकडं मॅट किंवा ब्रश फिनिशच्या पट्ट्या असतील तर हे लक्षात ठेवा, त्यांना आरसा करायला जाऊ नका, बाकीच्या पट्ट्यांशी कधीच जुळणार नाही.

भाईंदरकर

बफिंग. घरी होतं, पण हे पूर्ण वाचल्याशिवाय मशीन चालू करू नका.

साधा बेंच ग्राइंडर २८८० फेऱ्यांचा असतो. सहा इंची बफ लावला तर कडेचा वेग सेकंदाला २३ मीटर होतो. लांब पातळ पट्टी त्याला अडकली तर ती तुमच्या हातात राहत नाही. चाक तुमच्या समोर वरून खाली फिरतं. पट्टी नेहमी चाकाच्या मध्याच्या थोडी खाली धरायची, आणि काम पट्टीच्या मध्यापासून खालच्या कडेपर्यंतच करायचं, म्हणजे चाक कडेवरून बाहेर पडतं. वरची कड कधी चाकाला दाखवायची नाही, तीच पकडली जाते. अर्धी रुंदी झाली की पट्टी उलटी फिरवून उरलेली अर्धी. पट्टी लाकडी फळीवर टेपनं किंवा क्लॅम्पनं बसवा, नुसती हातात धरू नका, टोकं तर मुळीच लटकत ठेवू नका. पूर्ण चेहऱ्याचं शील्ड, मास्क, बाह्या दुमडलेल्या, गळ्यात काही नाही, सैल कापडी हातमोजे नाहीत.

१५०० पर्यंत हातानं गेला असाल तर सिसलच्या (जाड तंतूंच्या, जास्त कापणाऱ्या) बफची गरज नाही, शिवलेला कापडी बफ आणि हिरवा लस्टर, म्हणजे बफला लावायची पॉलिशची वडी, पुरेल. हिरव्यात क्रोमियम ऑक्साइड असतं, स्टेनलेसला ते चांगलं चालतं. पुण्यात बोहरी आळीत मिळेल, मुंबईत नागदेवीला. लस्टरची वडी फिरत्या बफला क्षणभर टेकवायची, थापायची नाही, जास्त झालं की पट्टीवर काळे ओघळ उठतात. आधी पट्टी चाकाच्या फिरण्याच्या विरुद्ध ओढायची, तेव्हा ती कापते, मग शेवटचे दोन चार हात चाकाबरोबर हलके, तेव्हा चकाकी येते. शेवटी मोकळा, न शिवलेला मऊ बफ आणि पांढरा लस्टर.

एका जागी थांबायचं नाही. स्टेनलेस उष्णता फारशी वाहून नेत नाही, अॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी कमी, त्यामुळं सगळी उष्णता तिथंच साठते, पट्टी सोनेरी मग निळी होते आणि पातळ असेल तर वाकडी होते. हात लावून बघत राहा, धरवत नसेल तर थांबा, दुसरी पट्टी घ्या.

आणि त्याच मशीनवर, त्याच बफवर अॅल्युमिनियम अजिबात नाही. त्याची बारीक धूळ आणि लोखंडाची ठिणगी एकत्र आली तर आग लागते, हे मी माझ्या शेजारच्या गाळ्यात पाहिलंय.

घाटवाट

माझा सल्ला चुकला होता, हे वाचून बरंच कळलं. स्कूटरच्या क्रोमलाही आता जपून घासेन.

मुळाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितोय. फेंडरची डावी पट्टी आधी केली. ३२० पासून गेलो, चौथ्या दिवशी १५०० ला पोचलो, रोज संध्याकाळी ऑफिसनंतर तासभर. बफ लावला आणि उन्हात नेली तर मध्यावर ४०० च्या चार रेघा स्पष्ट. परत ४०० वर जावं लागलं. दुसऱ्यांदा मात्र प्रत्येक नंबरनंतर पट्टी धुऊन, पुसून, टॉर्च तिरका मारून बघितली. हे मधलं बघणंच मी आधी टाळलं होतं.

उजव्या पट्टीला अपघात झाला. फळीवरची टेप टोकाला सुटली आणि वरची कड बफला लागली, पट्टी निसटून मशीनच्या मागं भिंतीवर आदळली. शील्ड होतं, मला काही झालं नाही, पट्टीला टोकाशी घडी पडली. भाईंदरकर काका, तुम्ही लिहिलं होतं त्यामुळं मी चाकाच्या खालच्या बाजूला धरली होती, नाहीतर माझ्याकडं आली असती. त्यानंतर टेप सोडून दर सहा इंचांवर लाकडी चिमटे केले.

घडी ठोकळ्यावर सरळ केली, टोकाचं दोन इंच जवळून बघितलं तर कळतं. काचेच्या पट्टीचे दोन्ही पोचे निघाले, एकाला खरंच दोन तास लागले. लस्टरचं काळं कोपऱ्यात बसलं होतं ते कोमट साबणाच्या पाण्यानं आणि जुन्या मऊ टूथब्रशनं गेलं.

आता दारांच्या अॅल्युमिनियमच्या चार राहिल्यात.

भाईंदरकर

छान झालंय. घडीचं वाईट वाटून घेऊ नका, टोक हेडलाइटच्या बाजूला येत असेल तर नजरेत भरणार नाही.

अॅल्युमिनियमला अॅनोडायझिंग शाबूत असेल आणि ओरखडे वरवरचे असतील तर नुसतं धुऊन मेण लावा, पेपर नको. तो थर काही मायक्रॉनचाच असतो, घासून गेला की पट्टी पहिल्या पावसात पांढुरकी पडते. ओरखडे खोल असतील तर जुना थर पूर्ण उतरवायचा, पॉलिश करायचं आणि परत अॅनोडायझिंगला द्यायचं, हे काम घरात करू नका. आणि गाडी धुताना कपड्यांचा सोडा किंवा कडक क्षाराचं काही वापरू नका, त्यानं डाग पडतात ते निघत नाहीत.

परत बसवायच्या आधी बॉडीवरची क्लिपांची भोकं बघा. जुन्या गाड्यांचं दार कुजायला तिथूनच सुरुवात होते, पट्टीमागं पाणी साठतं आणि क्लिपनं रंग खरवडलेला असतो. भोकाच्या कडेला प्रायमरचा हात द्या, वाळू द्या, मग थोडं मेण भरा आणि क्लिप बसवा. पट्टीची कड थेट रंगावर घासत असेल तर मागं पातळ फोमची टेप लावा.

मुळाकाठ

दारांपैकी दोन नुसत्या धुऊन मेण लावून बऱ्या झाल्या. मागच्या दोन अॅनोडायझिंगला दिल्यात, पुढच्या शनिवारी मिळतील. भोकांना प्रायमर काल लावला, चार ठिकाणी गंज सुरू झाला होता, तो खरवडून काढला.

फेंडरच्या पट्ट्या आणि काचेची पट्टी आज सकाळी बसवली. रबराला साबणाचं पाणी लावून बाबांनी आतून दोरी ओढली, मी बाहेरून पट्टी दाबत गेलो. बसल्यावर बाबांनी पुढच्या पट्टीवरून अंगठा फिरवला, जिथं पोचा होता तिथंच, आणि मला विचारलं, तो कुठं होता रे नक्की?

गोदाकाठ

माझी पट्टी प्लॅस्टिकचीच निघाली, नवीन मागवलीये. तुमच्या मागच्या दोन पट्ट्या आल्या की फोटो टाका.